युवकांतील व्यसनाधीनता आणि सत्त्वपरीक्षा : वैद्यवर्ग व औषधालयचालकांसाठी एक अभ्यास

प्रास्ताविक

दवाखान्याची पायरी चढणारा तरुण ‘मला व्यसन आहे’ असे सांगत येत नाही. झोप लागत नाही, भूक मेली आहे, छाती धडधडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, अशा तक्रारी घेऊन तो येतो. बहुधा आई बरोबर असते आणि उत्तरेही तीच देते. अशा वेळी वैद्याने नाडी पाहावी, अग्नी पाहावा, कोष्ठ विचारावा, हे योग्यच. परंतु सत्त्वपरीक्षा राहून गेली तर निदान अपुरे राहते, आणि कधी कधी अपायही होतो.

हा अपाय प्रस्तुत लेखकाच्या हातून घडला आहे, म्हणून तो येथे नोंदवणे कर्तव्य वाटते. काही वर्षांपूर्वी एकाच महिन्यात दोन महाविद्यालयीन तरुण आमच्याकडे आले. दोघेही विशीच्या आसपासचे व दोघेही मद्य घेऊ लागलेले. पहिल्याला परीक्षा जवळ आली की धडधड सुरू होई, हात थरथरत आणि आपण आता कोसळणार असे वाटे. थोडे मद्य घेतले की तो शांत होई. दुसरा मित्रांमध्ये पैजा लावून पिणारा, रात्री दुचाकी भरधाव हाकणारा. आम्ही दोघांनाही एकच उपदेश केला. यकृताची चित्रे दाखवली, मृत्यूचे भय घातले. दुसऱ्याला त्या चित्रांची गंमत वाटली आणि तो पुन्हा फिरकला नाही. पहिला मात्र इतका भ्याला की त्याने त्याच दिवशी सर्व काही बंद केले. दुसऱ्या रात्री त्याला अपस्मारासारखा झटका आला. मद्याबरोबर तो अनेक महिने झोपेच्या गोळ्या घेत होता, हे रुग्णालयात उघड झाले. आम्ही ते विचारलेच नव्हते. वेळेवर उपचार मिळाल्याने त्याचे प्राण वाचले.

दोघांचे द्रव्य एक होते, वय एक होते. परंतु द्रव्याकडे जाण्याची वाट भिन्न होती. ही वाट कशी ओळखावी, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्नाची व्याप्ती

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय मद्यसेवन करतात. भांग, गांजा, चरस यांचे प्रमाण २.८ टक्के, तर अफूजन्य द्रव्यांचे सुमारे २.१ टक्के आढळले. याच सर्वेक्षणातील एक नोंद विशेष लक्षणीय आहे. हुंगण्याची द्रव्ये, म्हणजे व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्युशन इत्यादी, हा असा एकमेव वर्ग आहे की ज्यात मुले व किशोर यांचे प्रमाण (१.१७ टक्के) प्रौढांपेक्षा (०.५८ टक्के) अधिक आहे. तंबाखूविषयी २०१९ च्या जागतिक युवक तंबाखू सर्वेक्षणात १३ ते १५ वयाच्या भारतीय विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचा कोणता ना कोणता प्रकार वापरताना आढळले.

विवेक व निग्रह यांच्याशी संबंधित असणारा मेंदूचा पुढील भाग वयाच्या पंचविशीपर्यंत परिपक्व होत असतो. त्यामुळे किशोरवयात जडलेले व्यसन प्रौढपणी जडलेल्या व्यसनापेक्षा अधिक खोल रुजते.

संहितांची दृष्टी

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायात मदात्ययाचे सविस्तर विवेचन केले आहे. लघु, उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, अम्ल, व्यवायि, आशु, रूक्ष, विकासि व विशद हे मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या नेमके विरुद्ध असल्याने मद्य हृदयात पोहोचून ओजाला क्षुब्ध करते व त्यायोगे मन विकृत होते, अशी ही संप्राप्ती वैद्यवर्गास सुपरिचित आहे.

त्याच अध्यायातील दुसरा एक विचार मात्र तितकासा चर्चिला जात नाही. उत्तम, मध्यम व हीन सुवर्णाचा भेद जसा अग्नी दाखवून देतो, तसे मद्य हे सत्त्वाची प्रकृती उघड करते, असे आचार्य सांगतात. सात्त्विक, राजस व तामस पुरुषांवर मद्याचा होणारा परिणाम त्यांनी वेगवेगळा वर्णिला आहे. म्हणजे केवळ ‘काय घेतले’ एवढ्यावर आचार्य थांबत नाहीत. ‘कोणी घेतले’ हा प्रश्नही ते तितक्याच महत्त्वाचा मानतात.

या प्रश्नाची सामग्री संहितेत इतरत्रही आहे. विमानस्थानाच्या ८ व्या अध्यायात दशविध परीक्षेमध्ये सत्त्वाचे प्रवर, मध्य व अवर असे तीन भेद सांगितले आहेत. शारीरस्थानाच्या ४ थ्या अध्यायात सात्त्विक ७, राजस ६ व तामस ३ असे १६ प्रकारचे सत्त्व वर्णिले आहे. अहितकर विषयाकडे धावणाऱ्या मनाला आवरणारी शक्ती ती धृती. तिचा भ्रंश हा प्रज्ञापराधाचा एक घटक होय. लोभ, शोक, भय, क्रोध इत्यादी मनोवेग धारण करावेत, असा उपदेश सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायात आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वात म्हणजे चिंता, पित्त म्हणजे क्रोध, कफ म्हणजे आळस, असे सोपे समीकरण मांडण्याचा मोह होतो. वातप्रकृतीच्या वर्णनात शीघ्र क्षोभ व शीघ्र भय यांचा उल्लेख आहे, हे खरे. तथापि देहप्रकृती व सत्त्व या दोन गोष्टी आचार्यांनी स्वतंत्रपणे परीक्षणीय मानल्या आहेत. प्रकृतीवरून सत्त्वाचे केवळ अनुमान करू नये. सत्त्व प्रत्यक्ष विचारून व पाहूनच ठरवावे.

आधुनिक संशोधनाचा निष्कर्ष

स्वभाव आणि व्यसन यांच्या संबंधाचा अभ्यास पाश्चात्त्य देशांत अनेक दशके चालू आहे. क्लोनिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली स्वीडनमधील ४३१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अकराव्या वर्षाच्या सुमारास शिक्षकांकडून मुलांच्या स्वभावाची माहिती घेण्यात आली व सत्ताविसाव्या वर्षी त्यांच्या मद्यपानाची स्थिती पाहण्यात आली. नावीन्याची अतीव ओढ आणि धोक्याची कमी भीती असणाऱ्या मुलांत तरुणपणी मद्याचा दुरुपयोग अधिक आढळला. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार बालकांचा आजतागायत पाठपुरावा होत आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार बालपणी आत्मसंयम कमी असलेल्यांमध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी व्यसनाधीनतेचे प्रमाण अधिक होते.

पॅट्रिशिया कॉनरॉड व त्यांच्या सहकाऱ्यांनी किशोरांमधील जोखमीचे चार स्वभावविशेष निश्चित केले : निराशाप्रवणता, चिंतेविषयीची अतिसंवेदनशीलता, आवेगशीलता आणि थरारप्रियता. या चार विशेषांचे मापन करणारी २३ प्रश्नांची प्रश्नावली २००९ साली प्रसिद्ध झाली. लंडनमधील माध्यमिक शाळांत या आधारावर एक उपक्रम राबवण्यात आला. ज्या मुलांत जो विशेष प्रबळ, त्यांचा तसा गट करून प्रत्येकी सुमारे दीड तासाच्या केवळ दोन बैठका घेण्यात आल्या. या बैठकांत भर होता तो व्यसनाच्या दुष्परिणामांवर नव्हे, तर स्वतःचा स्वभाव ओळखून तो कसा हाताळावा यावर. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या मुलांतील मद्यपान पुढील दोन वर्षे तुलनेने कमी राहिले. ज्या मुलांना ही बैठक दिलीच नव्हती, अशा त्याच शाळांतील कमी जोखमीच्या मुलांतही काही सुपरिणाम दिसला.

लंडनची शाळा व आपल्याकडील तालुक्याची शाळा एक नव्हे; म्हणून आकडे न उचलता तत्त्व उचलावे. ते तत्त्व असे की, उपदेश सर्वांना एक नसावा. तो सत्त्वानुसार असावा.

चार वृत्ती : ओळख व संभाषणाची दिशा

१. निराशाप्रवण. हा तरुण कमी बोलतो. ‘काही उपयोग नाही’, ‘माझ्याच नशिबी असे’ ही त्याची भाषा. एक गुण कमी पडला तरी सर्व आयुष्य वाया गेले असे तो मानतो. नशा तो करतो ती दुःखाचा विसर पडावा म्हणून, आणि पुष्कळदा एकटा करतो. याला फटकारणे म्हणजे त्याच्या निराशेला पुरावा देणे होय. दिनचर्येतील एखादी लहान, निश्चित पार पडेल अशी गोष्ट त्याच्याकडून करवून घ्यावी. जगणे नकोसे वाटते का, जीव द्यावा असे मनात येते का, हा प्रश्न त्याला एकांतात स्पष्टपणे विचारावा. असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट मन मोकळे होण्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी असल्यास त्याला एकटे सोडू नये व त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे.

२. चिंतासंवेदनशील. याला संकटापेक्षा चिंतेच्या शारीरिक लक्षणांचेच भय अधिक. धडधड झाली की हृदयविकार, चक्कर आली की मृत्यू, असे तो समजतो. मद्य व झोपेच्या गोळ्या यांकडे हा लवकर वळतो, कारण त्यांनी ती लक्षणे तात्पुरती शमतात. याला भीती घालणे ही घोडचूक; ती आमच्या हातून घडली. योग्य तपासणी करून धडधड म्हणजे मरण नव्हे, हे त्याला समजावून द्यावे. दीर्घ श्वसनाचा सराव द्यावा, चहा-कॉफी मर्यादित करावी, आणि ज्या प्रसंगांना तो टाळतो त्यांना थोडे थोडे सामोरे जाण्यास शिकवावे.

३. आवेगशील. आधी कृती, मग विचार. पश्चात्ताप खरा असतो, पण तो पुढच्या मोहापर्यंतच टिकतो. शाळेतील भांडणे, अर्धवट सोडलेली कामे, लवकर सुरू झालेली तंबाखू असा इतिहास मिळतो. धृतिभ्रंशाचे चित्र येथे सर्वांत स्पष्ट दिसते. वीस वर्षांनंतर होणाऱ्या कर्करोगाची भीती याला उपयोगी पडत नाही. आठ दिवसांची मुदत, लहान नियम व वारंवार भेट यांचा उपयोग होतो. मोह झाला की दहा मिनिटे थांबावे आणि जागा बदलावी, एवढा एकच नियम प्रथम द्यावा. बालपणापासून अतिचंचलता व अनवधान असल्यास तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे.

४. थरारप्रिय. हा बहुधा उत्साही, मित्रप्रिय व बुद्धिमान असतो. त्याला दुःख विसरायचे नसते, त्याला अनुभव हवा असतो. मंडळींत बसून अतिमात्र मद्यपान व गांजा यांकडे त्याचा कल असतो. भयचित्रे त्याला आव्हान वाटतात. त्याच्यातील ओढ मोडून काढण्याचा यत्न करू नये. तिला वाट द्यावी. मल्लखांब, कबड्डी, गिरिभ्रमण, ढोलपथक, सायकलवरील दूरचा प्रवास ही त्याची खरी औषधे. त्याबरोबरच धोका घेण्यापूर्वी तो मोजण्याची सवय त्याला लावावी.

या वृत्ती म्हणजे रोग नव्हेत. या असणारे असंख्य तरुण निर्व्यसनी असतात. घरातील व्यसन, बेकारी, संगत, द्रव्याची सहज उपलब्धता यांचा वाटा मोठा आहे. एकाच तरुणात दोन वृत्तीही आढळतात. म्हणून ‘तुमचा मुलगा आवेगी आहे, तो बिघडणारच’ असा शिक्का पालकांसमोर कधीही मारू नये.

परीक्षणाची पद्धत

पालकांना थोडा वेळ बाहेर बसवून पुढील पाच प्रश्न शांतपणे विचारावेत :

१) पहिल्यांदा केव्हा व कोणाबरोबर घेतले?
२) घेण्यापूर्वी मनात काय चाललेले असते?
३) घेतल्यावर काही नवीन मिळते, की काही नकोसे असलेले जाते?
४) एक-दोन दिवस न घेतल्यास शरीराला काय होते?
५) याशिवाय आणखी काय घेतोस? तंबाखू, गुटखा, गांजा, झोपेच्या गोळ्या, खोकल्याचे औषध, व्हाइटनर?

तिसरा प्रश्न या परीक्षेचे मर्म आहे. ‘मिळते’ असे उत्तर देणारा बहुधा थरारप्रिय. ‘जाते’ म्हणणारा चिंता वा निराशा यांनी ग्रस्त. आणि ‘तसे काही नाही, समोर आले म्हणून घेतले’ म्हणणारा बहुधा आवेगशील. चौथा व पाचवा प्रश्न रुग्णाचा जीव वाचवणारे आहेत. ऐकलेली माहिती गुप्त ठेवण्याचे वचन द्यावे. मात्र जिवाला धोका असल्यास घरच्यांना सांगावे लागेल, हेही आधीच स्पष्ट करावे.

चिकित्सेची दिशा व मर्यादा

सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह. वर सांगितलेले वृत्त्यनुसारी संभाषण हे त्याचेच व्यावहारिक रूप होय. मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी ही मेध्य रसायने, आचाररसायन, अभ्यंग व नियमित निद्रा यांची जोड अवश्य द्यावी. परंतु ती साहाय्यक म्हणून. सर्पगंधेबाबत विशेष दक्षता हवी. तिच्यातील रिसर्पिन या घटकामुळे विषाद वाढू शकतो. म्हणून निराशाप्रवण तरुणाच्या निद्रानाशात तिची योजना करू नये.

अहितकर सवय क्रमाक्रमाने सोडण्याचा पादांशिक क्रम सूत्रस्थानात सांगितला आहे. तंबाखू सोडवताना तो बाह्यरुग्ण विभागात वापरता येतो. दैनंदिन मद्यपान व झोपेच्या गोळ्या यांबाबत मात्र मात्रा कमी करण्याचे काम तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावे. मद्य अचानक बंद केल्यास साधारणतः ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, कंप, ज्वर व अतिस्वेद यांसह प्राणघातक अवस्था उद्भवू शकते. कंप, भ्रम, पूर्वी येऊन गेलेला झटका, कावीळ किंवा अनेक द्रव्यांचे एकत्र सेवन असल्यास रुग्ण दवाखान्यात ठेवून घेऊ नये. त्वरित रुग्णालयात पाठवावा.

मद्य सोडलेल्याने पुन्हा एकाएकी अतिमात्र सेवन केल्यास ध्वंसक व विक्षय हे विकार होतात, असे चरकाचार्य सांगतात. म्हणजे पुनःपतनाची शक्यता त्यांनीही गृहीत धरली होती. अफूजन्य द्रव्यांत तर खंडानंतर शरीराची सहनशक्ती घटलेली असते व पूर्वीचीच मात्रा मृत्यूला कारण ठरू शकते. म्हणून पुन्हा घसरलेल्या तरुणाला दार बंद करू नये. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केले. अशा केंद्रांशी वैद्यांनी परिचय ठेवावा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ व मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे राष्ट्रीय साहाय्य क्रमांक दवाखान्यात दर्शनी भागी लावावेत.

औषधालयचालकांचे दायित्व

१) आसव-अरिष्टांत संधानजन्य मद्यांश असतो, तो साधारणतः ५ ते १० टक्के असतो. मद्य सोडणाऱ्या रुग्णास ती देऊ नयेत. चूर्ण, क्वाथ, वटी असे पर्याय सुचवावेत. मद्य सुटावे म्हणून डायसल्फिरम घेणाऱ्या रुग्णाला एखाद्या अरिष्टानेही तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. संहितेत मदात्ययावर विधिपूर्वक मद्यच योजले आहे, या वचनाचा आधार देऊन तरुणाच्या हाती बाटली देणे हा शास्त्राचा विपर्यास आहे.

२) भांग, अहिफेन, धत्तूर इत्यादी द्रव्ये औषधी नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये आहेत. ती असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीची सूचना बंधनकारक आहे. कामिनीविद्रावण रसासारख्या अहिफेनयुक्त गोळ्यांमुळे अफूचे अवलंबित्व निर्माण झाल्याची प्रकरणे ऑस्ट्रेलियातील वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली आहेत. जातीफलादि चूर्णात भांग असते, हे विक्रेत्याने विसरू नये. असे कल्प चिठ्ठीशिवाय देऊ नयेत.

३) ज्यांच्याकडे ॲलोपॅथिक औषधांचाही परवाना आहे, त्यांनी कोडीन, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम इत्यादींसाठी अनुसूची एच-१ चे पालन करावे. ही अनुसूची मार्च २०१४ पासून लागू आहे. तीनुसार विक्रीची स्वतंत्र नोंद तीन वर्षे ठेवावी लागते.

४) बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ अन्वये बालकास मादक द्रव्य वा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वैद्याच्या चिठ्ठीवर दिलेले औषध यात येत नाही.

कायद्यापलीकडेही एक गोष्ट आहे. तोच मुलगा आठवड्यातून तिसऱ्यांदा तीच बाटली मागतो, हे वैद्याआधी औषधालयचालकाला दिसते. नकार देताना दोन आपुलकीचे शब्द बोलून त्याला वैद्याकडे पाठवावे. पुष्कळदा मदतीची पहिली संधी तीच असते.

समारोप

व्यसनाचे द्रव्य बाजारातून येते. परंतु त्याची गरज मनात निर्माण होते. ती गरज प्रत्येकाची निराळी असल्यामुळे एकच व्याख्यान, एकच भय व एकच औषध सर्वांना लागू पडत नाही. हे तत्त्व आपल्याला नवीन नाही. पुरुषं पुरुषं वीक्ष्य चिकित्सा करावी, हे आपण विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहोत. सत्त्वपरीक्षा मात्र दशविध परीक्षेच्या यादीत राहिली व दैनंदिन व्यवहारातून निसटली. पुढील वेळी निद्रानाशाची तक्रार घेऊन एखादा तरुण समोर बसेल, तेव्हा वैद्यबंधूंनी व भगिनींनी नाडीवरील बोट उचलण्यापूर्वी ते पाच प्रश्न अवश्य विचारावेत, एवढीच नम्र विनंती.